मदत हवी आहे: अमेरिकन नागरिक काकांना कोकणात घर घ्यायचंय, एजंट म्हणतो पुतण्याच्या नावावर घ्या

तापीकाठचा

राम राम मंडळी.

आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. समुद्राशी आमचा संबंध म्हणजे आमची तापी सुरतेपलीकडे जाऊन त्याला मिळते, तेवढाच. त्यामुळे कोकणातल्या जमिनीबद्दलचे माझे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

माझे सख्खे काका (आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ, आम्ही नाना म्हणतो) इंजिनियर होऊन अमेरिकेत गेले आणि तिथलेच नागरिक झाले. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे. काकू तिकडच्याच, भारतीय वंशाच्या नाहीत, दरवेळी टुरिस्ट व्हिसावर येतात. लग्न तिकडे रजिस्टर झालेलं आहे, त्याला पुष्कळ वर्षं झाली. आता दोघं निवृत्त होताहेत. हिवाळ्याचे पाच-सहा महिने, आणि जमलं तर पुढे कायमचं, भारतात समुद्राकाठी राहायचं असं त्यांनी ठरवलंय. चोपड्याला या म्हटलं की काकू नुसत्या हसतात. त्यांनी आमच्याकडचा मे महिना बघितलाय, पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर बसून. गोवा त्यांना महाग आणि गजबजलेला वाटला. आता जीव दापोली-गुहागर पट्ट्यावर जडलाय. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तठे काय ठेवेल शे?" पण आजीचं कोण ऐकतंय.

तिथल्या एका एजंटने जागा दाखवली. वीस गुंठे, आंबा-नारळाची बाग, मध्ये जुनं कौलारू घर, लाटांचा आवाज येतो. सातबाऱ्यावर ती शेतजमीन आहे. एजंटचं पहिलं म्हणणं असं की आजोबांच्या पश्चात नानांचं नाव वारसाने आमच्या सातबाऱ्यावर लागलंय, म्हणजे ते शेतकरी, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही शेती घेऊ शकतात. मी थोडं वाचलं तर वेगळंच दिसलं. राज्याच्या कूळकायद्यापुरते ते शेतकरी असतीलही, पण फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत ओसीआयवाल्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने मिळालेली ठेवता येते.

हे एजंटला सांगितल्यावर त्याने लगेच दुसरा मार्ग काढला. नानांनी मला पैसे बक्षीस द्यायचे, खरेदीखत माझ्या नावाने करायचं आणि साध्या स्टॅम्पपेपरवर आपापसात लिहून ठेवायचं की खरे मालक नाना. "साहेब, अर्धं कोकण असंच घेतलेलं आहे," हे त्याचे शब्द. नानांना हे पटलंय. आप्पाही म्हणतात, घरातलंच तर आहे, सही कर. अडलोय मी. नाही म्हटलं तर काकांना वाटणार पुतण्याचा विश्वास नाही, की पुतण्याला जबाबदारी नको. ज्यांनी माझ्या शिक्षणाचे पैसे भरले त्यांना कायद्याची कलमं ऐकवायची म्हणजे जीभ उचलत नाही.

तर मला हवंय ते असं. हा बेनामी व्यवहार होतो की नाही, स्पष्ट सांगा. नसेल जमत तर ओसीआयवाल्याला किनाऱ्यावर सरळ मार्गाने काय घेता येतं? काकूंचं नाव कागदावर घालता येईल का, कारण नानांनंतर त्यांचं काय, ही नानांची मोठी काळजी आहे. आणि कोकणातली जागा बघताना आमच्यासारख्या घाटावरच्याही पलीकडच्या माणसाने काय बघायचं?

हिशेबनीस

बेनामीच आहे. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि उपभोग पैसेवाल्याचा, ही १९८८ च्या बेनामी कायद्याची सरळ व्याख्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड, शिवाय मालमत्ता सरकारजमा. नाव देणाराही आरोपी होतो, म्हणजे तुम्ही. कायद्यात नातेवाइकांची सूट आहे, पण पुतण्या त्यात नाही. भावाला आहे, तीही दोघांची नावं कागदावर संयुक्त मालक म्हणून असतील तर, आणि शेतजमिनीवर नानांचं नाव फेमा लागू देणार नाही. म्हणजे आप्पांच्या नावाचा मार्गही बंद, कारण हा एजंट पुढे तोच सुचवणार.

बक्षिसाबद्दल थोडं. काकाने पुतण्याला पैसे दिले तर त्यावर इथे आयकर लागत नाही, हे खरं. पण मग ते पैसे खरोखर तुमचे आणि जमीनही खरोखर तुमची. वर "खरे मालक नाना" असं लिहून ठेवलंत की तोच कागद बेनामीचा पुरावा.

आता तुमची खरी अडचण, नानांना सांगायचं कसं. कलमं ऐकवू नका, त्यांचं नुकसान सांगा. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बेनामी मालमत्ता माझी आहे असा दावा खऱ्या मालकाला कोर्टात करताच येत नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर जमीन तुमच्या बायकामुलांची, तुम्ही केळीसाठी कर्ज काढलंत आणि थकलं तर बँकेची. नाना तो स्टॅम्पपेपर घेऊन फक्त बघत बसतील. आणि काकू तर त्या चित्रातच नाहीत. ज्या काकूंच्या काळजीने हे चाललंय त्यांनाच यात सगळ्यात मोठा धोका आहे. एवढं बोललात की पुतण्याचा विश्वास वगैरे विषयच निघणार नाही.

पोफळीवाला

मी गुहागरकडचा. वरच्यांनी कायदा सांगितला, मी जमिनीचं सांगतो.

त्या वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत? आमच्याकडे एका वाडीच्या उताऱ्यावर तीस-चाळीस नावं सहज असतात, निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद नाही. एजंट त्यातल्या दोघांच्या सह्या आणतो आणि "बाकीच्यांची संमती आहे" म्हणतो. अविभक्त हिश्शाचं खरेदीखत होईलही, पण ताबा कुठल्या कोपऱ्याचा, यावर पुढची पिढी भांडेल. कुळाच्या जमिनीवर कूळकायद्याच्या कलम ४३ चा (विक्रीवर निर्बंधाचा) शेरा आहे का बघा. फेरफार उलट क्रमाने तीस वर्षं मागेपर्यंत वाचून घ्या. मोजणी झाल्याशिवाय इसार देऊ नका. गडगा (दगडी कुंपण) दिसतो म्हणजे हद्द तीच असं नसतं.

वाट बघा. घरापर्यंत गाडी जाते की पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून जावं लागतं? जात असेल तर ती वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर? सत्तरीत गुडघे दुखायला लागले की हाच प्रश्न समुद्रापेक्षा मोठा होतो.

जुनं घर दाखवून घरपट्टीची पावती पुढे करतील. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे आणि जमीन बिगरशेती झाल्याचा पुरावाही नव्हे. कोकणात कित्येक घरं शेती नाहीतर वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीवरच उभी आहेत.

लाटांचा आवाज येतो म्हणालात, मग सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, आलेच. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र होतं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या भागाला ते ५० मीटर केलं, बाकी ठिकाणी २०० च. तुमची जागा कशात बसते ते मंजूर नकाशावर बघा, एजंटच्या मोबाईलवर नको. आणि लोक समुद्र मोजतात, खाडी विसरतात. भरतीचं पाणी चढतं त्या खाडीकाठालाही हाच कायदा आहे.

भरीतभाकरी

भो, आमच्याकडे पाऊस पडो म्हणून देव पाण्यात ठेवतात, तिकडे पाऊस थांबो म्हणून. काकूंना मे महिना दाखवला तसा एक जुलैही दाखवा मग. बाकी नवीन पत्ता कळवा, वांगी इकडून घेऊन येतो. भरताचं हिरवं वांगं तिकडे मिळायचं नाही.

किनारा७

एवढा बाऊ कशाला? माझ्या साडूने असंच घेतलंय, दहा वर्षं झाली, कोणी विचारलं नाही. कायदे सगळीकडेच असतात.

हिशेबनीस

विचारणा विकायच्या वेळी होते, नाहीतर भांडण झाल्यावर. तोपर्यंत सगळ्यांचं सुरळीतच चालू असतं.

तापीकाठचा, तुमचे राहिलेले मुद्दे. ओसीआयवाल्याला घर, फ्लॅट, बंगला, बिगरशेती निवासी प्लॉट हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय घेता येतं, संख्येची मर्यादा नाही. अट पैशाच्या वाटेची: परदेशातून बँकेमार्फत किंवा अनिवासींसाठी असलेल्या एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातून. रोख डॉलर किंवा ट्रॅव्हलर्स चेक चालत नाहीत. विकणाऱ्याला "थोडे रोखीत" हवे असतील तर तिथूनच परत फिरा. पुढे घर विकून पैसे अमेरिकेला न्यायचे झाले तर पैसा कुठल्या वाटेने आला याचीच कागदपत्रं लागतात.

काकूंचं. टुरिस्ट व्हिसावरच्या परदेशी माणसाला एकट्याच्या नावाने इथे घर घेता येत नाही. पण ओसीआयवाल्याच्या परदेशी जोडीदाराला नवऱ्याबरोबर संयुक्तपणे एक मालमत्ता घेता येते, लग्न रजिस्टर हवं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. शेतजमीन यातही नाही. त्याहून बरं म्हणजे काकूंनी स्वतःचं ओसीआय काढावं. विवाहाच्या आधारावर तीच दोन वर्षांची अट आहे, ती त्यांनी कधीच ओलांडली. सुरक्षा पडताळणी होते, वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी आणि घर नंतर. ओसीआय झालं की व्हिसाची कटकटही संपते. आणि इथल्या घराचं मृत्युपत्र नानांनी इथेच, वेगळं करावं.

नाना सहीला येऊ शकत नसतील तर मुखत्यारपत्र तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून सरकारी प्रमाणन) करून पाठवावं, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल आणि विकणारा निवासी भारतीय असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, विसरतात लोक.

सईची_आई

आम्ही तिकडून परत येऊन रत्नागिरी जिल्ह्यातच राहतोय, म्हणून लिहिते. आधी भाड्याने राहा! पावसाळ्यासकट. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला काकूंनाही वेगळी परवानगी लागत नाही. आम्ही घेतलेल्या पहिल्या भाड्याच्या घरात भिंतींना आतून शेवाळ धरलं, वाऱ्याबरोबर पाऊस कौलांखालून आत येतो, लोखंडाचं काही टिकत नाही. आणि एवढ्या पावसानंतर एप्रिल-मे मध्ये विहिरीचा तळ दिसतो, हे कोणी एजंट सांगत नाही. दापोली-श्रीवर्धनकडच्या जुन्या लोकांना ३ जून २०२० विचारा, निसर्ग चक्रीवादळात उभ्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आंब्याची बाग हौसेने घेतात, पण फवारणी, राखण आणि माकडं कोण बघणार? नाना-काकू वर्षातले सहा महिने नसणार.

दवाखाना. अमेरिकेतलं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) साधारणपणे देशाबाहेर चालत नाही, इथला आरोग्य विमा या वयात काढायला वेळ आणि वैद्यकीय तपासण्या लागतात. मोठं काही झालं तर चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, पण गुहागरच्या टोकावरून रात्री किती वेळ लागतो ते स्वतः गाडी चालवून बघा. मी तर म्हणेन चिपळूण नाहीतर रत्नागिरी शहराजवळ फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉटवरचं घर घ्या. समुद्र थोडा लांब असला तरी हवा तेव्हा जाऊन बघता येतो.

अजून एक: नाना भारतात वर्षाला १८२ दिवस किंवा जास्त राहायला लागले की इथल्या कराचं निवासीपण लागू होतं, आणि अमेरिकन नागरिकाला तिकडचं विवरणपत्र जगात कुठेही राहिलं तरी भरावंच लागतं. इथल्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेले की ते तिकडे वेगळं कळवायचं. दोन्हीकडचं कळणारा माणूस आधी शोधा.

तापीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीस, कलम ४ चा मुद्दा काल रात्री फोनवर नानांना सांगितला, तुम्ही म्हणालात तसाच, काकूंपासून सुरुवात करून. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले एजंटला नाही कळव. आप्पा थोडे नाराज आहेत, त्यांना वाटतं मीच काहीतरी खुसपट काढलं. ते निवळेल.

पोफळीवाला, त्या उताऱ्यावर सव्वीस नावं निघाली. एजंटने आम्हाला दाखवलेल्या कागदावर चारच होती.

काकूंचा ओसीआय अर्ज ते या महिन्यात करताहेत आणि नोव्हेंबरपासून भाड्याने राहायचं ठरतंय. जळगावहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला जाते, म्हणून आम्हालाही तीच बाजू सोयीची. तर आता पुढची मदत: रत्नागिरी शहराच्या आसपास तळमजल्यावरचं, गाडी दारापर्यंत जाणारं, वर्षाच्या कराराने मिळणारं भाड्याचं घर कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, हे आधी सांगा. भाड्याचं नंतर बोलू.