मदत हवी आहे: नऊ मात्रांचा रॉक कसा मोजायचा?

मंडळी, मी अकरावीत आहे, तबला शिकते आणि सध्या डोक्यात फक्त सत्तरच्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं 'मनी' सात मात्रांत आहे, म्हणून रूपक ताल धरून पाहिला. नाण्यांची खणखण, गल्ल्याचा आवाज, सगळं फिट्ट बसतं! गिटार सोलोला चार मात्रा येतात, तेही जमलं.

अडलंय ते जेनेसिस बँडच्या १९७२ च्या 'सपर्स रेडी'वर. जवळपास २३ मिनिटांच्या त्या गाण्यात शेवटाकडे ड्रम-बास नऊ मात्रांत फिरत राहतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन भलतीकडेच निघतो. माझी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हमखास हरवते. टाळी कशी धरायची? कुणी ड्रम वाजवत असेल तर नीट फोड करून सांगाल का? (येस आणि किंग क्रिमसन हे बँड ऐकून झालेत, त्यापलीकडचंही काही सुचवा.)