फोटोवर नाव टाकायचं तर नेमकं कुठं? माझा गड्ड्याचा फोटो फ्लेक्सवर गेलाय

काडेपेटी_कॅमेरा

मंडळी नमस्कार. मी प्रोफेशनल वगैरे काही नाही, नोकरी सांभाळून फोटो काढतो, सेकंडहँड निकॉन आहे, एक किट लेन्स आणि एक ५० एमएम, बास. या वर्षी गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षता सोहळ्यादिवशी सकाळपासून संमती कट्ट्याजवळ जागा धरून बसलो होतो, नाष्टा पण नाही, आणि दुपारी एक फोटो असा मिळाला की मलाच पटेना मी काढलाय म्हणून. मागं सगळे नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, एका रेषेत, पुढं बाराबंदी घातलेला एक म्हातारा माणूस, हात जोडलेले, नजर वर काठीच्या टोकाला, बाराबंदीची एक गाठ सुटून लोंबायलीय. त्याच रात्री फेसबुक आणि इन्स्टावर टाकला. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव होतं माझं.

दोन आठवड्यांनी ऑफिसला जाताना चौकात सिग्नलला थांबलो तर समोर दहा बाय आठचा फ्लेक्स, कुठल्यातरी साहेबांचा वाढदिवस, आणि साहेबांच्या मागं माझा फोटो! म्हातारा गायब, त्याच्या जागी साहेब हात जोडून उभे, नंदीध्वज तेवढे ठेवलेत. माझं नाव होतं त्या कोपऱ्यात आता शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं. मित्राला दाखवलं तर म्हणतो तुझा फोटो फेमस झाला की बे, पार्टी दे.

पैसे नकोत मला, भांडण तर अजिबातच नको, गावात राहायचंय. पण पुढच्या वेळी काय करू? वॉटरमार्क मोठा टाकला तर फोटोची वाट लागते, बारीक टाकला तर कापतात. आणि एकेका फोटोवर हातानं टाकत बसायचं का, साडेतीनशे फोटो आहेत गड्ड्याचे. तुम्ही काय करता?

माळढोक_दिसला_का

कोपऱ्यातलं नाव म्हणजे दाराला कडी लावून कुलूप न लावणं. मी हिप्परग्याला आणि नान्नजला पक्षी काढतो, माझे दोन फ्लेमिंगो असेच गेले, एक तर कुणाच्या तरी गुड मॉर्निंगमध्ये सापडला, खाली सुविचार.

त्यानंतर मी नाव मधे टाकायला लागलो, तीस टक्के ओपॅसिटी म्हणजे फिकट, आरपार दिसेल असं, पक्ष्याच्या अंगावरून. बायको म्हणाली रेशनकार्डावर शिक्का मारल्यासारखं दिसतंय. खरंच दिसत होतं. आता मधला रस्ता असा की नाव विषयाला चिकटून टाकायचं, म्हणजे पक्ष्याच्या पायाशी, पाण्याच्या रेषेवर, जिथं टेक्श्चर आहे तिथं. मोकळ्या आकाशात टाकलेलं नाव फोनमधल्या इरेजरनं दोन सेकंदात जातं, पण पिसांवरून, कापडाच्या चुण्यांवरून, गर्दीवरून गेलेलं नाव पुसलं की तिथं लापशी होते. तुमच्या फोटोत बाराबंदीच्या चुण्या होत्याच की.

अजून एक. सगळ्या फोटोंवर तोच लोगो, त्याच जागी, त्याच साइजचा टाकू नका. गुगलच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की एकच वॉटरमार्क असलेले भरपूर फोटो कॉम्प्युटरला दिले तर तो नेमका वॉटरमार्क तेवढा ओळखून सगळ्यांवरून आपोआप काढू शकतो. उपाय पण त्यांनीच सांगितला, प्रत्येक फोटोत अक्षरांचा आकार थोडा थोडा वाकवायचा. नुसती जागा बदलून तेवढं भागत नाही म्हणे.

आणि मोठी फाईल टाकूच नका. मी लांब बाजू १२०० पिक्सेल ठेवून टाकतो. मोबाईलवर छान दिसतं, छापायला गेलं की बोंब.

दहा_बाय_आठ

वरच्या साहेबांना एक सांगू का, राग मानू नका. मी फ्लेक्सचंच काम करतो, हा वरचा फ्लेक्स माझा नाही पण असे रोज करलालोय. १२०० पिक्सेलनं आमचं काही अडत नाही. गिऱ्हाईक येतंय संध्याकाळी सातला, व्हॉट्सॲपवर फोटो ढकलतंय, म्हणतंय सकाळी सहाच्या आत चौकात लागला पाहिजे. व्हॉट्सॲपचा साधा फोटो १६०० पिक्सेलचा, तो दहा फुटावर ताणला की इंचाला तेरा-चौदा पिक्सेल येतात. जवळ जाऊन बघा, नुसते ठोकळे. पण रिक्षातनं जाणाऱ्याला काय दिसतंय हो ठोकळे. वरनं त्याच्यावर साहेब येतात, शुभेच्छुक येतात, बॅकग्राऊंडला थोडा ब्लर मारला की झालं. पेपरला, कॅलेंडरला मोठी फाईल लागते, ते खरं.

आम्ही चोर आहोत असं नाही. गिऱ्हाईकच फोटो आणतंय, आम्हाला तरी कसं कळणार कुणाचा. नाव दिसलं तर मी विचारतो, फोटोग्राफरला विचारलंय का म्हणून, तर म्हणतात तो आपलाच पोरगा आहे. सगळ्या सोलापुरातली पोरं ह्यांचीच.

पण आतली गोष्ट सांगतो. कोपऱ्यातलं नाव आम्ही काढत पण नाही, ते आपोआपच कापलं जातं, कारण फोटो आडवा असतो आणि फ्लेक्सची साइज वेगळी. मधे आलेलं नाव काढायला वीस मिनिटं जातात. रात्री अकराला वीस मिनिटं कोण घालवणार, मी सरळ गिऱ्हाईकाला म्हणतो हा नको, दुसरा पाठवा. तुमच्या फोटोत नाव काठ्यांवरनं आडवं गेलं असतं ना, तर दुसऱ्या कुणाचा तरी फोटो लागला असता त्या चौकात.

काळा_कोट_सातरस्ता

वॉटरमार्क असला तरच कॉपीराइट, असं बऱ्याच जणांना वाटतं, ते डोक्यातून काढा. कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणे फोटो ही कलाकृती आहे आणि ज्यानं काढला तो तिचा कर्ता. बटण दाबलं त्या क्षणी हक्क तयार होतो, नाव टाका न टाका, रजिस्ट्रेशन करा न करा. रजिस्ट्रेशन पुराव्याला उपयोगी पडतं एवढंच. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोची मुदत पण बाकीच्या कलाकृतींसारखीच झाली, काढणाऱ्याचं आयुष्य आणि पुढं ६० वर्षं.

मग नावाचा फायदा काय? समोरचा 'मला माहितच नव्हतं' म्हणू शकत नाही, हा पहिला. दुसरं म्हणजे त्याच २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ब आलं. हक्क कुणाचा आहे हे सांगणारी माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा. फ्लेक्सच्या साइजमध्ये कोपरा आपोआप कापला गेला असं वरच्या दादांनी लिहिलंय, समोरचा वकील कोर्टात हेच म्हणणार. काठ्यांवरून गेलेलं नाव आपोआप कापलं जात नसतं.

मूळ रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाईल, मात्र जपून ठेवा. पुढं-मागचे फ्रेम पण डिलीट करू नका, त्या म्हाताऱ्याचे लागोपाठ आठ फोटो तुमच्याकडं असतील आणि समोरच्याकडं एकच, तर फोटो कुणाचा हे सांगायला फार बोलावं लागत नाही.

आता एक कडू गोष्ट, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी. कलम १७ मध्ये असं आहे की पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. म्हणजे अल्बमवर तुम्ही कितीही मोठा लोगो छापा, हक्क नवरीच्या बापाचा!

मंगलाष्टक_स्टुडिओ

काय वकीलसाहेब, सकाळी सकाळी बीपी वाढवला. बावीस वर्षं धंदा करतोय आणि हे आज कळतंय. आम्ही तर बुकिंगच्या पावतीवर तारीख, ॲडव्हान्स आणि किती पानी अल्बम एवढंच लिहितो. आता मागच्या बाजूला एक ओळ छापून घेतो, फोटोचा कॉपीराइट स्टुडिओकडं राहील आणि जाहिरातीसाठी फोटो वापरताना पार्टीला विचारू, सही इथे.

साडेतीनशे फोटोंचं विचारलंय त्यांना, फोटो एडिटिंगचं लाईटरूम सॉफ्टवेअर असेल तर एक्स्पोर्टच्या खिडकीत खालीच वॉटरमार्किंग आहे, एकदा पीएनजी लोगो सेट केला की सगळे फोटो एका दमात. फुकटात पाहिजे तर एक्सएनकन्व्हर्ट किंवा डिजिकॅम, दोन्हीत ढिगानं फोटोंवर टाकता येतं. लोगो पारदर्शक पीएनजीच करा, पांढरा चौकोन येतो नाहीतर, मी पहिल्या वर्षी तसाच पांढरा चौकोन दोनशे फोटोंवर छापून पार्टीला दिला होता, नवरदेवाच्या फेट्यावर पाटी लावल्यासारखी. अजून चिडवतात.

पण ढिगानं टाकलं की सगळ्यांना एकाच जागी येतं, आणि फ्लेक्सवाले दादा म्हणतात तशी जागा हातानंच शोधावी लागते. म्हणून मी अल्बमला एकदम टाकतो आणि इन्स्टाला जायचे दहा-बारा फोटो हातानं.

आणि कॅमेऱ्याच्या सेटअप मेनूत बघा, बऱ्याच निकॉन-कॅननमध्ये कॉपीराइटची माहिती भरायची सोय असते, तिथं एकदा नाव टाकून ठेवा, प्रत्येक फाईलच्या पोटात नाव बसतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं.

काडेपेटी_कॅमेरा

सगळ्यांना धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कॅमेऱ्यात बघितलं तर कॉपीराइटच्या जागी आधीच्या मालकाचं नाव निघालं, म्हणजे तीन वर्षं माझे फोटो त्याच्या नावानं निघायलेत. बदललं लगेच.

वकीलसाहेब, म्हाताऱ्याचे आठ नाही, अकरा फ्रेम निघाले. नोटीस काढत नाही, पण तो फ्लेक्स लावणाऱ्या मंडळात एक ओळखीचा आहे, त्याला फ्लेक्सचा आणि मूळचा असे दोन्ही फोटो पाठवले, बाकी काही लिहिलं नाही. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

दहा_बाय_आठ दादा, तोच फोटो परत टाकलाय, नाव यावेळी काठ्यांवरनं आडवं घेतलंय, काठ्यांना बांधलेल्या बाशिंगाच्या जरा खाली. एकदा बघून सांगा किती मिनिटं लागतील काढायला.

दहा_बाय_आठ

बघितला. पंचवीस. म्हाताऱ्याचं तोंड झाकलं नाही ते बरं केलंत.