देहवाली कवीच्या कार्यक्रमात मराठी अनुवाद कसा वाचावा?

दांडियाबाजारकर:
आमच्या बडोद्याच्या वाचकमंडळात पुढील महिन्यात अक्कलकुव्याकडील एक भिल्ल कवी येणार आहेत. ते देहवाली या भिल्ली बोलीत लिहितात आणि नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या विस्थापितांबरोबर अनेक वर्षे काम करतात. मंडळातील काहींचे म्हणणे असे की, आंदोलनाचा विषय निघाला तर रसभंग होईल, आणि देहवाली कुणालाच समजत नसल्याने केवळ मराठी अनुवाद वाचावा. मला दोन्ही पटत नाही. परंतु श्रोते मध्येच उठून जातील अशी धास्तीही वाटते. आपण काय सुचवाल?

वाचनवेडी:
वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मंडळात आधी वाचून घ्यावी. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत, म्हणजे आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीत, काम केलेल्या या कवीने त्यात आदिवासींना खाली बसवून, मंचावरून त्यांचेच दुःख त्यांना सांगणाऱ्यांचे चित्र उभे केले आहे. चळवळ वगळून या कवितेत काय उरेल? पाहुण्यांना विषय आखून देणे म्हणजे त्यांना पुन्हा मंचाखाली बसवणेच होय.

रावपुरा_वाचक:
अनुवादाबाबत माझा अनुभव सांगतो. आम्ही एका राठवा आदिवासी कवीच्या वाचनाला दारातच छापील अनुवाद वाटले. पहिल्या ओळीपासून सगळ्यांच्या माना कागदात गेल्या आणि पान संपले की एकदम सळसळ होई. तिसऱ्या कवितेला ते थांबले, कागद मांडीखाली ठेवण्याची विनंती केली आणि तीच कविता गाऊन दाखवली. एकच शब्द चार वेळा, दर वेळी थोडा अधिक लांबवून आला, तेव्हा ती हाक आहे हे अनुवादाविना कळले. आशय आधी दोन वाक्यांत सांगावा, मूळ कविता पूर्ण ऐकावी आणि अनुवाद निघताना द्यावा.

नर्मदाकाठ:
‘कुणालाच समजत नाही’ हे गृहीतक मुळात तपासावे. सरदार सरोवरात मणिबेलीसह नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली, आणि त्यांतील काही कुटुंबे आपल्याच जिल्ह्यात, डभोईकडच्या वसाहतींत राहतात. त्या बाजूच्या बोली जाणणारे श्रोते बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. आपण त्यांना कधी बोलावले नाही, एवढेच. त्यांच्या जाण्यायेण्याची सोय मंडळाने करावी.

दांडियाबाजारकर:
हे मला सुचलेच नव्हते, याचे वाईट वाटते. या रविवारी आम्ही दोघे-तिघे डभोईला जाऊन स्वतः निमंत्रण देऊ. कार्यक्रमाचा क्रम कवींनाच विचारला आहे. त्यांनी दोन तास मागितले आहेत आणि मंडळाने ते मान्य केले आहेत.