रात्री भरलेली बॅटरी सकाळी उतरते. दोष कसा शोधावा?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
माझ्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी जेमतेम १४ महिन्यांची आहे, तरी आठवडाभरापासून ती रात्रीतून उतरते. काल गाडी उभी करून तासाभराने मोजले तेव्हा १२.६ व्होल्ट होते. पहाटे लातूरच्या मोंढ्यात जायला निघालो तर ११.९ भरले आणि सेल्फ नुसता टकटक करत राहिला. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट मिळतात. दुकानदार बॅटरी बदला म्हणतात. बदलावी का?

उत्तर (परभणी)
दादा, घाई करू नका, कारण करंट कुठेतरी गळत असेल तर नवी बॅटरीही अशीच उतरेल. एक रात्र मायनसची वायर काढून ठेवा, सकाळी १२.६ कायम असेल तर बॅटरी चांगली आहे. मग मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत लावून मीटर मायनस टर्मिनल आणि सुटी वायर यांच्यामध्ये जोडा, दारे बंद करून किल्ली दूर ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स लगेच झोपत नाही. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नका.

प्रश्नकर्ता
वायर काढली त्या रात्री १२.६ टिकले. मीटरवर मात्र १.८ अँपिअर दिसतात आणि सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही.

उत्तर (नांदेड)
१.८ अँपिअर म्हणजे ११ तासांत सुमारे २० अँपिअर-अवर, निम्म्याहून अधिक बॅटरी. फ्यूज काढूनही फरक पडत नाही, याचा अर्थ करंट फ्यूज बॉक्सला वळसा घालून जातो आहे. एक तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग, गेला असेल, नाही तर थेट बॅटरीवरून कोणीतरी वायर ओढली असेल. बाहेरून काही बसवले आहे का?

प्रश्नकर्ता
होय, नेमका गेल्या आठवड्यात सीटखाली अँप्लिफायर बसवला होता. आपले उत्तर वाचून रात्री दहाला त्याला हात लावला, तर तो कोमट होता! त्याच्या वायरीतला फ्यूज काढताच मीटर ०.०३ वर आला. स्टिरिओ चालू असेल तेव्हाच अँप्लिफायर चालू करणारी रिमोटची निळी वायर कारागिराने स्टिरिओपर्यंत नेलीच नव्हती. ती अँप्लिफायरच्याच प्लसला जोडून टाकली होती, म्हणून तो कायम चालू राहत होता. आज ती स्टिरिओला जोडून घेतली.

उत्तर (परभणी)
आता बॅटरी बाहेरच्या चार्जरवर ३ अँपिअरने पूर्ण भरून घ्या. वारंवार खोलवर उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी बॅटरी आधी दगा देते.