दाइम्योंना कंगाल करण्यासाठीच सान्किन-कोताई होती का?

रात्रवाचक: जपानच्या एदो काळावरच्या (१६०३–१८६८) प्रत्येक व्हिडिओत एकच ऐकतो: शोगुनने (लष्करी सत्ताधीश) दाइम्योंना (मोठे सरंजामदार) एक वर्ष एदोत (आजचं तोक्यो, शोगुनचं ठाणं), एक वर्ष आपल्या मुलखात असं फिरवलं, म्हणजेच सान्किन-कोताई लादली, ते त्यांचे खजिने रिकामे व्हावेत म्हणून. हेतू खरंच तोच होता का? आणि जपानी न येणाऱ्याने या काळात शिरावं कुठून? समुराई-तलवारींचा आता कंटाळा आलाय.

तोकाइदोचा_वाटसरू: मी इतिहास शिकवतो आणि हा काळ माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडं लांबेल.

खजिने रिकामे झाले हे खरं. पण परिणाम म्हणजे हेतू नव्हे. १६३५ साली तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु याने ही ये-जा कायद्यात घातली. त्याच कलमात पुढे बजावलंय की हल्ली सोबतचा लवाजमा फार वाढलाय, त्यात मुलखाचा पैसा जातो आणि रयतेला त्रास होतो, तो कमी करा. ज्याला दाइम्योंना बुडवायचंय तो असं कशाला लिहील? लवाजमा फुगला तो मानापानापायी. कागा प्रांताच्या माएदा घराण्याचा मुलूख दहा लाख कोकू (तांदळाचं माप, मुलूख त्यावरून मोजत) तांदळाच्या वर, मग त्यांच्यासोबत हजारो माणसं निघायची. माझ्या मते खरा हेतू हजेरी आणि ओलीस. दाइम्योची बायको आणि वारस कायम एदोतच राहत.

म्हणून मला किल्ल्यांपेक्षा तोकाइदोवरचं (एदो ते क्योतो हमरस्ता) हाकोनेचं तपासणी नाकं जास्त बोलकं वाटतं. आशी सरोवराच्या काठी आहे ते. एदोतून बाहेर पडणाऱ्या बाईला परवाना लागे, त्यात तिचं वर्णन असे, आणि ते पडताळायला नाक्यावर बायकाच नेमलेल्या. त्या केससुद्धा तपासत. शोगुनला भीती कशाची होती, ते या तपासणीत कळतं. हे नाकं २००७ मध्ये पुन्हा उभं राहिलं, तेही एका हिशेबाच्या वहीमुळे! १८६५ च्या दुरुस्तीची तपशीलवार नोंद इझूतल्या एगावा घराण्याच्या दप्तरात १९८३ मध्ये सापडली. लढायांच्या वर्णनांपेक्षा असली वही मला केव्हाही प्रिय.

सुरुवात चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो चित्रमालिकेपासून करा. ५३ मुक्काम, शिवाय निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण. क्रमाने बघा. शिमादाच्या चित्रावर जास्त वेळ थांबा: ओई नदीवर पूल नाही, अख्खी मिरवणूक हमालांच्या खांद्यांवरून पार होतेय.

पागोळी: सर, ओलीस हा हेतू असेल, तर ते सोडल्यावर काय झालं?

तोकाइदोचा_वाटसरू: नेमका प्रश्न. अमेरिकन नौदल अधिकारी पेरीची जहाजं १८५३ मध्ये आली आणि किनाऱ्याच्या संरक्षणाला पैसा लागू लागला. १८६२ मध्ये एदोची फेरी तीन वर्षांतून एकदा केली, बायकामुलांना घरी जायला मोकळीक दिली. एदोतले वाडे रिकामे होऊ लागले. नंतर शोगुनने जुनी पद्धत परत आणायचा प्रयत्न केला, पण फारसं कोणी जुमानलं नाही. १८६७ मध्ये शेवटचा शोगुन योशिनोबूने सत्ता सम्राटाकडे सोपवली. कारणं बरीच होती, पण मी वर्गात १८६२ ला नेहमी जास्त वेळ देतो.

रात्रवाचक: शिमादापर्यंत पोचलो. खांद्यांवरच्या पालख्या मोजत बसलोय, सर.