रोबोटने गुडघा बदलला, मग नडगीवर वेगळे टाके कशाचे?

कृष्णाकाठची: आईचा उजवा गुडघा मागच्या मंगळवारी रोबोटच्या मदतीने बदलला. काल ड्रेसिंग करताना मोठ्या जखमेच्या चार बोटं खाली, नडगीवर, दोन बारीक टाके दिसले. आई वैतागलीय, "गुडघा खराब होता, नडगीला भोकं कशाला?" कागदावर फक्त 'ट्रॅकर पिन' लिहिलंय. त्या आतच आहेत का? पुढे एमआरआय चालेल ना?

ओटीतला_एक: ताई, पिना त्याच दिवशी काढतात. मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) टेक्निशियन आहे. रोबोटला हाड दिसत नसतं. म्हणून नडगीच्या आणि मांडीच्या हाडात पिना घालून त्यांवर चमकत्या गोळ्यांची फ्रेम लावतात. इन्फ्रारेड कॅमेरा त्या गोळ्या बघतो. गोळीवर रक्ताचा थेंब उडाला की पडद्यावरून पाय गायब! मग आमची पुसापुशी. पाय हलला तर चालतं, पिन हाडात सैल झाली तर सगळं माप चुकतं. म्हणून काही यंत्रांत हाडावर आणखी एक बारकी खूण ठोकतात, चेकपॉइंट. कापण्याआधी पॉइंटर तिला टेकवून खात्री करतात. शेवटी तीही निघते, मोजून.

आईंना सांगा, 1992 साली अमेरिकेत सॅक्रामेंटोला रोबोडॉक नावाच्या रोबोटने पहिला खुबा बदलला, तेव्हा पिना बसवायला आधी वेगळं ऑपरेशन, मग सीटी, मग खुबा. त्यातल्या पिना गुडघ्याजवळही असत. खुबा बदलायला आलेले लोक गुडघा दुखतो म्हणून कुरकुरायचे.

थंडीतला_माणूस: माझ्या खुब्याजवळ मात्र खुणा कायमच्या आहेत. इथे स्वीडनमध्ये एका अभ्यासासाठी हो म्हटलं होतं. टँटलम या धातूचे मणी, मिलिमीटरभराचे. ठरावीक काळाने दोन बाजूंनी एकदम एक्स-रे काढतात आणि सांधा मण्यांपासून किती सरकला ते मोजतात. ही पद्धत इथल्याच लुंड शहरातले संशोधक सेल्विक यांची, 1974 ची. टँटलमला चुंबक ओढत नाही, माझा एमआरआय झालाय. पण असे मणी न विचारता घालत नाहीत.

कृष्णाकाठची: हुश्श. मग मांडीला टाके का नाहीत?

ओटीतला_एक: बरेच सर्जन वरच्या पिना मोठ्या जखमेतूनच घालतात. एक मात्र लक्षात ठेवा, पिनेच्या भोकातून हाड मोडल्याच्या घटना आहेत, अगदी क्वचित. नडगीच्या त्या जागी पाय टेकताना दुखणं वाढत गेलं तर तारखेची वाट बघू नका.

कृष्णाकाठची: गुरुवारी दाखवायचंय. एक्स-रेत नडगीही घ्या म्हणून सांगते.