शमाई खरंच इतका तापट होता का?

मालवी ओळंबा (रामबाग, इंदूर):

नमस्कार मंडळी. वय ७१, उभा जन्म बांधकामावर देखरेख करण्यात गेला. आवाज मोठा आहे, हे कबूल.

आमच्या संध्याकाळच्या बाकावर एक निवृत्त मास्तर असतात. परवा त्यांनी ज्यूंच्या दोन जुन्या पंडितांची गोष्ट सांगितली. एक परका माणूस शमाईकडे आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला तुमचा सगळा धर्म शिकवा, मी तुमचा होतो. शमाईच्या हातात बांधकामाची मापाची काठी होती, तिनंच त्यानं त्याला हाकललं. मग तो हिल्लेलकडे गेला. हिल्लेल म्हणाला, जे तुला नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी वागू नकोस, हाच सगळा धर्म, बाकी सगळं त्यावरचं भाष्य; आता जा आणि शिक.

गोष्ट संपली आणि सगळा बाक माझ्याकडे बघून हसायला लागला. काल राजवाड्यापाशी पोहे खात होतो तर मागून हाक आली, "काय शमाईपंत!" आता हे नाव काही सुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की काठी बांधकामाची होती. म्हणजे गडी कामावर होता ना? मी सांगतो काय होतं ते. स्लॅब ओतायचा दिवस, मिक्सर चालू, माल सुकतोय, आणि मालक मेव्हण्याला घेऊन येतो: "ह्यांना जरा दोन मिनिटांत बांधकामातलं सगळं समजावून सांगा." मी काठी नाही उगारली कधी, पण हातात असती तर सांगता येत नाही.

तर प्रश्न असा: हा शमाई गवंडी होता का? आणि त्याच्याबद्दल एखादी तरी बरी गोष्ट आहे का कुठे, की आयुष्यभर माणसं हाकलण्याचंच काम केलं त्यानं?

ठाणेकरीण (सुदामा नगर, इंदूर):

काका, मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू आहे, माहेर ठाण्याचं. लग्नानंतर इथे आले. इथे आडनाव सांगितलं की पहिला प्रश्न "कोणतं गाव?" आणि दुसरा "म्हणजे ख्रिश्चन का?" असो.

गवंडी होता असं ग्रंथात सरळ लिहिलेलं नाही. फक्त ती काठी आहे, 'बांधकामाचा हात', सहा मुठींचा. म्हणजे आपला कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हातच. त्यावरून लोक अंदाज बांधतात. आणि तुमच्या मास्तरांनी अर्धीच गोष्ट सांगितली. असे तिघे आले होते. एकाला फक्त लेखी धर्मशास्त्र मान्य होतं, तोंडी परंपरा नको होती; त्याला शमाईनं रागावून घालवलं. एका पायावाल्याला काठीनं. तिसऱ्याला तर थेट महायाजक, म्हणजे मंदिराचा मुख्य पुजारीच व्हायचं होतं, त्यालाही काठीनं. तिघांनाही हिल्लेलनं पदराखाली घेतलं.

आता बरी गोष्ट. 'पिर्के आवोत' म्हणून पंडितांच्या वचनांचा भाग आहे, त्यात शमाईचं एकच वचन आहे: अभ्यासाची वेळ ठरलेली ठेव, बोल थोडं आणि कर जास्त, आणि प्रत्येक माणसाचं हसतमुखानं स्वागत कर. हसतमुखानं! हे शमाईचं, हिल्लेलचं नाही.

आणखी एक. तो रोज शब्बाथसाठीच, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठीच, जेवायचा म्हणतात. बाजारात चांगलं जनावर दिसलं की "हे शब्बाथला". मग त्याहून चांगलं मिळालं की ते शब्बाथला ठेवायचं आणि आधीचं आज खायचं. माझी आजी आंब्यांचं असंच करायची. आम्ही आठवडाभर डागाळलेलेच खाल्ले.

हनुक्का या आमच्या आठ दिवसांच्या सणातल्या दिव्यांचं मात्र त्याच्या घराण्याचं, म्हणजे शिष्यपरंपरेचं, कुणी ऐकलं नाही. त्यांचं मत, पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलवाल्यांचं मत, एकापासून सुरू करून वाढवत न्या. आम्ही वाढवतच नेतो.

लष्करचा वकील (ग्वाल्हेर):

ओळंबाकाका, साक्षीदार कोण ते बघा. वादात निकाल लागला हिल्लेलच्या घराण्याच्या बाजूनं, आणि पुढे गोष्टी सांगितल्या त्याच परंपरेनं. हरलेल्या पक्षाच्या पुढाऱ्याचा स्वभाव जिंकलेल्या पक्षाच्या कागदांत कसा दिसणार? मी रोज असे कागद वाचतो.

शिवाय काळ बघा. ताईंनी दिलेलं वचन मिश्नातलं आहे; मिश्ना म्हणजे त्या तोंडी परंपरेचा संग्रह, ती इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाली. काठीची गोष्ट बाबिलोनी तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात येते, आणि त्याचं संकलन आणखी काही शतकांनी झालं. हसतमुख शमाई जुन्या कागदात आहे, तापट शमाई नव्या.

पण जिंकलेल्यांना दादही द्यायला हवी. त्यांचंच मत का स्वीकारलं याचं कारण तालमूद देतो: ते सौम्य होते, आणि स्वतःचं मत सांगण्याआधी शमाईवाल्यांचं मत सांगायचे. माझ्या समोरचा वकील हे एकदा तरी करेल तर मी त्याला मोरेनाची गजक आणून देईन.

आणि कडक म्हणजे दुष्ट नव्हे. बायकोला सोडचिठ्ठी कधी देता येते? शमाईचं घराणं म्हणतं, बदफैलीखेरीज नाही. हिल्लेलचं म्हणतं, स्वयंपाक बिघडवला तरी चालेल. त्या काळच्या बाईनं कुणाला वकीलपत्र दिलं असतं, सांगा. एवढं सगळं असून दोन्ही घराण्यांत मुली देणंघेणं चालूच होतं.

अण्णा_छत्रीबाग:

ओळंबा, तू २००९ साली माझ्या जिन्याच्या पायऱ्या अर्ध्या इंचासाठी फोडायला लावल्यास. नाव बरोबर पडलंय.

मालवी ओळंबा:

अण्णा, त्या जिन्यावरून आजवर कुणी पडलं का?

ताई, वकीलसाहेब, आभारी आहे. मास्तरांना दोन्ही उत्तरं फोनवर वाचून दाखवली. ते वरमले आणि त्यांनी मिश्नातलीच आणखी एक गोष्ट सांगितली, जी आधी सांगायला काय झालं होतं कोण जाणे. सुक्कोथच्या सणात सात दिवस पालापाचोळ्याच्या मांडवाखाली राहायचं असतं. शमाईची सून ऐन सणात बाळंत झाली. तान्ह्या मुलाला नियम लागू नाही, असं बाकीचे म्हणत. ह्यानं पलंगावरच्या छपराचा गिलावा फोडला आणि वर पाला अंथरला, नातवासाठी.

मास्तरांनी हे कडकपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं. मला तसं वाटत नाही. ह्यानं बाळंतिणीला उचलून मांडवात नाही नेलं, मांडव तिच्या डोक्यावर आणला. आणि त्यासाठी स्वतःच्या घराचं छप्पर फोडलं. हे मत मी बाकावर मांडलं तेव्हा आवाज जरा चढला, असं म्हणतात.

आता खरी शंका. तो गिलावा म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर, असं मास्तर म्हणाले. म्हणजे आपलं माळवदच झालं. माळवद वरून फोडलं तर माती सरळ खाली येते, त्यामुळे पलंग आधी बाजूला घेतला असणार, असं मी धरून चालतो. पण ताई, तो थर केवढा जाड असायचा, हे कुठे लिहिलंय का? इथल्या जुन्या वाड्यांत मी स्वतः वीतभर मोजलाय.